कौलारू छप्पर : शाकारणी पुरेल की छप्परच नवे घालावे लागेल?

पागोळी (धागाकर्ती) | १८ जुलै

नमस्कार. संगमेश्वर तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. जांभ्याच्या भिंती, मधोमध उंच माजघर, पुढेमागे पडव्या आणि वर मंगलोरी कौले, अशी त्याची साधी रचना आहे. पुढचे-मागचे पाखे, म्हणजे छपराचे दोन्ही उतार, मिळून छपराचे क्षेत्र सुमारे १,४०० चौरस फूट भरते. घरात आई-बाबा दोघेच राहतात आणि मी ठाण्यात असते.

गेल्या आठवड्यात मी तेथे असताना रात्री दोनच्या सुमारास जाग आली, तेव्हा आई माजघरात पातेली मांडत होती. तीन ठिकाणी गळत होते. प्रत्येक पातेल्याच्या तळाशी तिने जुने सुती फडके घातले होते, म्हणजे थेंबांचा आवाज होत नाही आणि बाबांची झोप मोडत नाही. तिच्या हाताला या कामाची इतकी सवय झालेली पाहून मला फार वाईट वाटले. सकाळी टॉर्च घेऊन माळ्यावर चढले. मागच्या, म्हणजे पश्चिमेच्या पाख्याखालच्या काही रिपा (कौले अडकवायच्या आडव्या पट्ट्या) काळ्या पडलेल्या दिसल्या आणि एका वाशाखाली, म्हणजे रिपा पेलणाऱ्या उतरत्या लाकडाखाली, पिठासारखा बारीक भुगा साचलेला होता.

बाबांच्या मते मे महिन्यात नीट शाकारणी, म्हणजे कौले काढून, झाडून पुन्हा नीट बसवणे, केली की पुरेसे आहे, कारण आजवर तसेच निभावले आहे. धाकटा भाऊ म्हणतो की दर वर्षीचा खर्च आणि माणसे मिळण्याची मारामार पाहता सगळे उतरवून पत्रे घालावेत. दोघांचेही मला पटते आणि म्हणूनच निर्णय होत नाही. छपराची दुरुस्ती संपून ते बदलण्याची वेळ कधी येते, हे नेमके कशावरून ओळखावे? ज्यांनी स्वतः हे काम करून घेतले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आगरातून | १८ जुलै

ताई, सर्वप्रथम एक गोष्ट मनातून काढून टाका. छप्पर गळते म्हणजे ते संपले, असे मुळीच नाही. गळणारे छप्पर वेगळे आणि थकलेले छप्पर वेगळे. गळती बहुतेक वेळा कौलांच्या मांडणीतून होते. वानरांची टोळी एकदा छपरावरून धावून गेली की पाच-पंचवीस कौले सरकतात किंवा तडकतात, नारळाची झावळी पडली तरी तेच होते. आंबा-फणसाचा पाचोळा कौलांच्या खाचांत आणि दोन पाखी जेथे आत मिळतात त्या पत्र्याच्या पन्हळीत साचला, तर पाणी तुंबते आणि कडेवरून आत उतरते. शिवाय वाऱ्याबरोबर येणारा आडवा पाऊस कौलांच्या सांध्यातून पाणी उलटे वर चढवतो आणि अशा रात्री चांगले छप्परही चार थेंब गाळते.

माझी विनंती अशी, की पाऊस चालू आहे तोवर एक वही करा. छपराचा साधा आराखडा काढून जेथे गळते तेथे खूण करा, तारीख घाला, आणि त्या वेळी वारा कोणत्या बाजूचा होता तेही लिहा. पाणी जेथे टपकते तेथेच ते आत शिरलेले असते असे नाही. ते वाशाच्या अंगावरून दोन-तीन हात खाली घरंगळून मग पडते, त्यामुळे माळ्यावर जाऊन ओल्या रेषेचा वरचा शेवट शोधावा लागतो. गळतीची जागा दर वर्षी बदलत असेल, तर दोष कौलांच्या मांडणीत आहे. शाकारणी करूनही दर वर्षी त्याच जागी गळत असेल, तर तेथे खाली काहीतरी बसले आहे, वाकले आहे किंवा कुजले आहे, असे समजून लाकूड पाहावे.

पागोळी | १९ जुलै

आपले मनापासून आभार. वही आजच सुरू केली आहे. बाबांना विचारले, तर तीनपैकी दोन जागा गेली चार वर्षे त्याच आहेत. दोन्ही मागच्या पाख्यात, भिंतीच्या जवळ आहेत.

किंजळ | १९ जुलै

मी स्थापत्य अभियंता आहे आणि आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम होते, त्यामुळे या विषयावर थोडे विस्ताराने लिहितो.

छपराचे आयुष्य लाकूड ठरवते. कौल फुटले तर बदलता येते आणि त्यासाठी एक माणूस व शिडी पुरते. वासा, आढे (छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड) किंवा तुळई गेली, तर तिच्यावरचे सगळे उतरवावे लागते. म्हणून तपासणी खालून वर करावी, कौलांपासून सुरू करू नये.

पहिली पाहणी घराबाहेरून करा. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे असताना अंगणात शक्य तितके लांब उभे राहून आढ्याची रेषा पाहा. ती मध्ये बसली असेल तर आढे वाकले आहे किंवा त्याखालचा खांब खचला आहे. आढे सरळ असून पाख्यावर मध्येच खळगा दिसत असेल, तर त्या भागातले वासे थकले आहेत. आढ्याला थोडा बाक असणे जुन्या घरात स्वाभाविक आहे आणि केवळ तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे, की बाक वाढतो आहे का. दोन टोकांना खिळे ठोकून दोरी ताणा, मधले अंतर मोजून तारखेसह आढ्यावरच पेन्सिलीने लिहा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. कोरडी कौले आणि भिजलेली कौले यांच्या वजनात बराच फरक असतो, तेव्हा भर पावसात अंतर किंचित वाढून दिवाळीत पूर्ववत होणे चालेल. वाढलेले अंतर तसेच राहिले, तर मात्र ते गंभीर लक्षण आहे.

दुसरी पाहणी माळ्यावर करायची. एक मोठा पेचकस घ्या. वाशाच्या मध्यभागी तो टोचण्यात फारसा अर्थ नाही, कारण तो भाग हवेशीर असतो आणि शेवटपर्यंत टिकतो. वासा भिंतीच्या माथ्यावर जेथे टेकतो ते टोक तपासा. जांभ्याची भिंत ओल धरते आणि ते टोक वर्षानुवर्षे ओल्या दगडाला चिकटून राहते. पेचकस दोन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) शिरून अडला तर लाकूड जिवंत आहे. तो इंचभर सहज आत गेला आणि बाहेर काढताना काळा, ओलसर चोथा घेऊन आला, तर त्या वाशाचा आधार संपला आहे, मग तो मध्यभागी कितीही ठणठणीत वाजो. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर सतत राहिला की कुजवणारी बुरशी काम सुरू करते आणि भिंतीवरचे टोक पावसाळ्याचे चार महिने याच अवस्थेत असते.

भुग्याबद्दल आपण लिहिले आहे. पिठासारखा भुगा म्हणजे लाकूड पोखरणारा भुंगा. तो बहुधा खोडाच्या बाहेरच्या, पांढऱ्या लाकडात राहतो. सागाच्या किंवा किंजळीच्या पक्क्या नाराला, म्हणजे आतल्या गडद लाकडाला, तो सहसा धक्का लावत नाही. भोके काळपट व जुनी असतील, तर किडा कदाचित केव्हाच निघून गेला आहे. भुगा झाडून खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. महिन्याभरात पुन्हा पडला तर किडा जिवंत आहे. वाळवीचे तसे नाही. ती भिंतीवरून मातीची नळी बांधत वर चढते, वाशाचा आतला गाभा खाते आणि वरचा पापुद्रा अखंड ठेवते. अशा वाशावर हातोडीने हलके मारले तर भद्द आवाज येतो.

तिसरी पाहणी बहुतेक जण करतच नाहीत, म्हणून ती मुद्दाम सांगतो. दोन बाजूंचे वासे आढ्यापाशी एकमेकांना टेकलेले असतात आणि त्यांची खालची टोके भिंतींना बाहेर ढकलत असतात. समोरासमोरच्या भिंतींना धरून ठेवणारी आडवी तुळई हा रेटा पेलते. ती कुजली किंवा कोणी माळ्यावर जागा करण्यासाठी कापली, तर भिंतीचा माथा हळूहळू बाहेर झुकतो. तेव्हा मागच्या भिंतीला आतून ओळंबा लावा आणि भिंतीच्या माथ्याखाली आडवी भेग आहे का, ते पाहा. उभी भेग अनेक कारणांनी पडते, पण माथ्याखाली आडवी भेग आणि बाहेर गेलेला ओळंबा एकत्र दिसले, तर ‘पुढच्या मे महिन्यात पाहू’ असे म्हणू नये. त्या भागाला लगेच टेकू द्यावेत आणि त्याखाली कोणाचे अंथरूण असेल तर ते हलवावे.

जांभा | २० जुलै

किंजळ यांनी लाकडाबद्दल जे लिहिले आहे त्यास पूर्ण सहमती. कौलांबद्दल मी थोडी भर घालतो, कारण जुनी कौले ‘जुनी’ म्हणून फेकली जातात आणि मग त्यांच्या तोडीचे कौल मिळत नाही.

आपल्या कौलांच्या पाठीवरचा छाप वाचून पाहा. बाझल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू केला. त्या कारखान्याच्या कौलांवर ते साल छापलेले असते आणि अनेकांना ते कौल भाजल्याचे साल वाटते. तो स्थापनेचा आकडा आहे, त्यावरून वय ठरवू नये. मात्र छाप कोणत्या कारखान्याचा आहे हे पाहणे आवश्यक आहे, कारण दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा बहुतेकदा एकमेकींत बसत नाहीत. नव्या-जुन्याची सरमिसळ केली की तेथे हमखास फट राहते.

कौल चांगले आहे की नाही, हे घरच्या घरी कळते. पाख्याच्या वेगवेगळ्या भागांतून दहा कौले काढा. बोटाच्या पेराने वाजवल्यावर खणखणीत आवाज आला पाहिजे. खिळ्याने ओरखडा काढल्यावर वीटकरीसारखी पूड सुटत असेल, तर भाजणी कच्ची होती किंवा कौल झिजले आहे. मग ती दहा कौले पूर्ण वाळवून वजन करा, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. मी पाचवा हिस्सा ही मर्यादा धरतो. वजन त्याहून जास्त वाढले तर ते कौल पाणी पीत आहे आणि ते पाणी खालच्या रिपेला देत आहे. मागचा दात, म्हणजे कौल ज्याने रिपेला अडकते तो भाग, तुटला असेल तर ते पुन्हा वापरू नये. शेवाळाने काळे पडणे हा मात्र दोष नाही.

वजनाचा हिशेबही मांडून ठेवतो. एका कौलाचे वजन साधारण अडीच किलो आणि शंभर चौरस फुटांना सुमारे दीडशे कौले लागतात. आपल्या १,४०० चौरस फुटांवर सुमारे २,१०० कौले, म्हणजे सव्वापाच टन कोरडे वजन आहे. पावसात भिजल्यावर त्यात पाऊण टनाच्या आसपास भर पडते. थकलेल्या वाशाला हा भार नेमक्या त्याच महिन्यांत जास्त असतो, ज्या महिन्यांत तो सर्वांत ओला आणि दुबळा असतो. म्हणून छपरे पावसाळ्यात बसतात.

खाडीकाठ | २२ जुलै

आमचे घर श्रीवर्धन तालुक्यात आहे. पत्र्यांचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आले. दोन्ही पाख्यांची निम्म्याहून अधिक कौले उडाली, मात्र वासे आणि आढे जागेवर राहिले. कौलांच्या फटींतून हवा निघून जाते, त्यामुळे आतला दाब साचत नाही आणि कौले सुटी सुटी जातात. ज्यांचे पत्रे हलक्या चौकटीवर नुसते स्क्रूने बसवलेले होते, त्यांच्यापैकी काहींचे छप्पर चौकटीसह उचलले गेले. पत्र्याचे वजन कौलांच्या साधारण आठव्या हिश्श्याइतके असते, म्हणून वारा त्याला खालून उचलतो आणि तो भिंतीला खोलवर बांधलेला नसेल तर टिकत नाही.

तरीही त्या वर्षी आम्ही पत्रेच घातले. गावात एकाच वेळी सगळ्यांना कौले हवी होती, ती मिळेनात, आणि पाऊस तर डोक्यावर होता. तो निर्णय मी घाईत घेतला याची खंत आजही आहे. दुपारी माजघरात बसवत नाही आणि पावसात एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. खाऱ्या हवेत पत्र्याआधी स्क्रूखालचा रबरी वॉशर मरतो, मग स्क्रूभोवती गंज धरतो आणि गळती तेथून सुरू होते. लोखंडी नळ्यांची चौकट वेल्डिंगच्या सांध्यांपासून आतून गंजते आणि रंगाखाली ते दिसत नाही. पत्रे म्हणजे कायमची सुटका, असे आपल्या भावाने कृपया समजू नये. त्यांचीही दर वर्षी पाहणी करावी लागते, फक्त शाकारणीसारखी तिची रीत अजून पडलेली नाही.

दक्षिण कोकण | २२ जुलै

एक सूचना. घर सामायिक असेल आणि एकच भाऊ आपल्या बाजूचे पाखे बदलणार असेल, तर फार सांभाळून करावे. आढे दोघांचे एकच असते. एका बाजूला कौले आणि दुसऱ्या बाजूला पत्रे आले की भार असमान होतो आणि जड बाजू हलक्या बाजूला रेटू लागते. आमच्या वाड्यात असे झाले आणि तिसऱ्या वर्षी आढ्यावरचे कोने (माथ्याची कौले) एका ओळीत उघडले.

गोठ्यावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडून उतरवू नयेत, घासूनही काढू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे. ते ओले करून, अखंड, हळूच उतरवावेत.

पागोळी | ९ नोव्हेंबर

इतक्या दिवसांनी लिहिते आहे त्याबद्दल क्षमस्व. दिवाळीत आठ दिवस गावी होते आणि आपण सर्वांनी सांगितलेली पाहणी क्रमाने केली. गावातले वयस्कर सुतार सोबत होते.

आढ्याची दोरी जुलैत सव्वा इंचावर होती, आता एक इंचाच्या थोडी आत आहे. पुढच्या पाख्यातल्या तेवीस वाशांपैकी दोनच वासे टोकाला मऊ लागले आणि ते एकमेकांपासून लांब आहेत. मागच्या पाख्यात मात्र उत्तरेच्या कोपऱ्यापासून सलग नऊ वासे गेले आहेत. पहिल्या वाशाला सुतारकाकांनी पेचकस लावला तो मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी तो बाहेर काढून एक शब्दही न बोलता बाबांच्या हातात दिला. बाबांनी स्वतः पुढच्या वाशाला लावून पाहिला, मग त्यापुढच्या. चौथ्या वाशानंतर ते खाली उतरून ओटीवर जाऊन बसले. ते वासे त्यांच्या आजोबांनी आपल्याच आगरातले झाड पाडून घातले होते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

मागच्या भिंतीला ओळंबा लावला, तर माथा पाऊण इंच बाहेर आहे आणि उत्तरेकडच्या तुळईचे टोक भिंतीत कुजलेले आहे. आडवी भेग बारीक आहे, पण आहे. दहापैकी आठ कौले भिजवण्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. भुगा पुन्हा पडला नाही. आता काय करावे?

किंजळ | १० नोव्हेंबर

आपण फार नीट पाहणी केली आहे आणि उत्तर आपल्या लिहिण्यातच जवळजवळ आले आहे. पुढच्या पाख्यातले दोन सुटे वासे बदलण्याचीही गरज नाही. त्यांच्या शेजारी जोडवासा देऊन तो बोल्टने आवळला की पुरेल. सलग नऊ वासे गेले असतील तर मात्र जोडकाम करू नये, कारण भार ज्या शेजाऱ्यावर टाकायचा तो शेजारीच दुबळा आहे. मागचे पाखे पूर्ण उतरवून नवे घालावे लागेल. आढे चांगले आहे, पुढचे पाखे चांगले आहे आणि कौले बहुतांश चांगली आहेत, म्हणून संपूर्ण छप्पर बदलण्याचे मला कोणतेही कारण दिसत नाही.

क्रम चुकवू नका. आधी टेकू, मग कौले उतरवणे, मग तुळई, आणि तुळई पक्की बसल्यावरच वासे. कौले उतरवताना दोन्ही पाख्यांवरून थोडी थोडी उतरवावीत, म्हणजे आढ्यावर एकाच बाजूचा रेटा येणार नाही. नव्या वाशांची टोके भिंतीत गाडू नका. भिंतीच्या माथ्यावर आडवे लाकूड देऊन त्यावर ती टेकवा आणि टोकाभोवती हवा खेळू द्या. यापूर्वीचे लाकूड कुजले ते पश्चिमेच्या पावसाचा मारा आणि गाडलेली टोके यांमुळे. तीच रचना पुन्हा केली तर नवे लाकूडही त्याच मार्गाने जाईल. मागच्या बाजूची वळचण हातभर पुढे काढता आली तर अवश्य काढा.

जांभा | १० नोव्हेंबर

कमी पडणारी कौले आतापासून शोधा. आजूबाजूच्या गावांत पाडली जाणारी घरे असतात, तेथे त्याच छापाची कौले मिळू शकतात. मे महिन्यात ती मिळणार नाहीत. नवी कौले घ्यावीच लागली, तर ती सगळी एकाच पाख्यावर एकत्र लावा, जुन्यांत मिसळू नका.

पागोळी | १४ जून

काम २० एप्रिलला सुरू झाले आणि रोहिणी लागण्याआधी संपले. मागचे पाखे नव्या वाशांवर उभे आहे, तुळई बदलली आहे आणि वळचण सव्वा फूट पुढे आली आहे. तीनशे चाळीस कौले शेजारच्या गावातल्या पाडलेल्या घरातून मिळाली. जुन्या वाशांपैकी ज्यांचा मधला भाग चांगला होता, त्यांच्या सुतारकाकांनी बाबांसाठी ओटीवरच्या दोन फळ्या आणि आईसाठी एक पाट करून दिला.

परवापासून पाऊस धरला आहे. काल रात्री आईने फोनवर सांगितले, की माजघरात एकही पातेले मांडलेले नाही. पन्हळीच्या कोपऱ्यात एक ओली रेषा दिसते आहे. बाबांनी तिच्या वरच्या टोकाला खडूने खूण करून तारीख घातली आहे.

आगरातून | १४ जून

पन्हळीचा पत्रा कौलांखाली दोन्ही बाजूंनी किती आत गेला आहे, ते उघडीप मिळाली की पाहून घ्या. वीतभर तरी हवा.

पागोळी | १७ जून

पाहिले. उत्तरेच्या बाजूला चारच बोटे होता. सुतारकाका उद्या येत आहेत.